मिठीच्या माहेरी आपली मुले कधी जाणार?

कुर्ल्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी आणि उर्दू शिकवते. दोन वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांना 'नदी' या विषयावर मराठीत दहा ओळी लिहायला सांगितल्या. कोणी गंगा लिहिली, कोणी यमुना. एका मुलीने आजोळच्या घाघरा नदीबद्दल लिहिले. आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर वाहणारी नदी मात्र एकाही वहीत नव्हती. "मिठी का नाही लिहिली कुणी?" मी विचारले. वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून उत्तर आले, "टीचर, वो तो नाला है."

मुलांचे काय चुकले? त्यांनी तिला कधी नदीसारखी पाहिलीच नाही. काळे पाणी, प्लास्टिक आणि नाकाला रुमाल, एवढीच त्यांची ओळख. माझी ओळख थोडी वेगळी आहे. 26 जुलै 2005 ला मी नुकतीच बीएड होऊन नोकरीला लागले होते. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. संध्याकाळी मिठी रस्त्यावर आली, रात्री घराघरात शिरली. अडकलेल्या मुलांना घेऊन आम्ही चार शिक्षिका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो. खाली अंधारात सिलिंडर एकमेकांवर आपटत वाहून जात होते, तो आवाज अजून कानात आहे. पहाटे पाणी उतरले तेव्हा पहिल्यांदा मला प्रश्न पडला की हे एवढे पाणी आले कुठून.

त्याचे उत्तर बोरिवलीच्या जंगलात आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात विहार तलाव आहे. 1860 मध्ये तो मुंबईला नळाचे पाणी देण्यासाठी बांधला गेला. तो आणि खालचा पवई तलाव भरून वाहू लागले की त्या पाण्यातून मिठी जन्म घेते, आणि सुमारे अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. म्हणजे तिचे सासर आमच्या बाजूला आणि माहेर जंगलात. मी ठरवले, मुलांना नदीचे माहेर दाखवायचे.

"वहाँ अपना है क्या?"

सहलीचे संमतीपत्र घरी पाठवले आणि पालक शाळेत येऊ लागले. पैशांची अडचण होती, ती आम्ही शिक्षकांनी मिळून सोडवली. बिबट्याची भीती होती. दिवसा, गटाने, ठरलेल्या वाटेने जायचे आहे हे समजावल्यावर ती कमी झाली. मुलींच्या आयांना मी स्वतः फोन केले. "सातवीत गेली, आता मोठी झाली" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान पिकले आहेत. त्याच मुलीला लग्नकार्यासाठी दोन दिवस रेल्वेने गावी नेताना ती मोठी झालेली नसते. असो, आया शेवटी ऐकतात. टीचर बाई आहे, सोबत आहे, एवढे त्यांना पुरते.

पण एका वडिलांच्या बोलण्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. ते टॅक्सी चालवतात, मुलांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करतात. कान्हेरीच्या लेण्या बघणार हे कळल्यावर ते म्हणाले, "टीचर, माहौल आप देख रही हैं. और वहाँ अपना है क्या?"

माहौल ठीक नाही, हे मी नाकारले नाही. खोटा दिलासा देणे माझ्या स्वभावात नाही. रेल्वेच्या डब्यात डोक्यावरची ओढणी पाहून सरकून बसणारी माणसे मीही पाहते. पण त्यांच्या बोलण्याचा दुसरा भाग मनात रुतून बसला. तिथे आपले काय आहे? त्यांनी मुलाला पाठवले, पण प्रश्न माझ्यासोबत बसमध्ये चढला.

लेण्यातला प्रश्न

उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढे जंगल जगात फार कमी ठिकाणी असेल. आपण त्याला 'बोरिवलीचे पार्क' म्हणतो आणि बागेसारखे समजतो. खरे तर मुंबईची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली, त्या बेटाचा हा कणा आहे. उत्तरेला हे जंगल वसईच्या खाडीपर्यंत जाते आणि तिथे खारफुटीला भेटते. डोंगर, गोडे पाणी, खाडी आणि समुद्र ही एकच साखळी आहे. आपल्याला तिचे तुकडे दिसतात, कारण मधे इमारती आल्या.

आम्ही गेलो ते 2025 च्या जानेवारीत. वाटेच्या उतारावर कारवीचे वाळलेले झाड दाखवून वाटाड्या म्हणाला, "ही आठ वर्षांनी एकदा फुलते. 2016 ला फुलली होती, मग गेल्या पावसाळ्यात, 2024 ला." मुलांनी लगेच हिशेब केला. पुढची फुले 2032 मध्ये.

कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाशी पोचलो आणि दाराशीच माझा वर्ग थबकला. आत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या भव्य मूर्ती. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा पुढे आला आणि हळूच म्हणाला, "टीचर, अंदर जाना जायज़ है?"

काही वाचकांना हा प्रश्न ऐकून हसू येईल, काहींना राग येईल. मला दोन्ही आले नाही. मला सलीम अली आठवले.

पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (1896-1987) खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग खाणे जायज आहे की नाही, अशी शंका त्या मुलाला आली. तो ती मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे घेऊन गेला. मामांनी त्याला दटावले नाही आणि फतवाही दिला नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड नावाच्या इंग्रज साहेबांनी कपाटांतले खण उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, आणि भारताला त्याचा सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ मिळाला. आज त्याच संस्थेचे निसर्ग शिक्षण केंद्र गोरेगावला, याच उद्यानाच्या कडेला आहे.

मला या गोष्टीत चिमणीपेक्षा मामा महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या मनात धर्माचा प्रश्न आला, तेव्हा मोठ्या माणसाने त्याला ज्ञानाच्या दारात नेऊन उभे केले. आपल्या घराघरात आज असे किती मामा आहेत?

मी त्या मुलाला सांगितले, "इबादत करायला कोणी बोलावले नाही, आपण वाचायला आलो आहोत. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते बघा, असे कुरआनात पुन्हा पुन्हा सांगितले आहे. घरी बसून ते कसे बघणार?" तो आत गेला. सगळ्यात जास्त वेळ तोच आत होता.

दगडावरची नावे

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत इथे भिक्षू राहत, शिकत, शिकवत होते. हजार वर्षे चाललेली निवासी शाळाच म्हणा ना. मोठ्या चैत्यगृहात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेख आहे. पण मुलांना राजांपेक्षा साधी माणसे आवडली. कल्याण, सोपारा अशा गावांच्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी, बायकांनीही इथे दान दिले आणि ते दगडावर कोरून ठेवले. कोणी खोली दिली, कोणी पाण्याचे टाके. लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. जवळपास प्रत्येक लेण्याच्या बाजूला पोढी आहे, आणि डोंगरावर पडलेला पाऊस कोरलेल्या पन्हळींतून तिच्यात उतरतो. मुली तिथे बराच वेळ वाकून बघत होत्या. त्यांच्या घरी पाणी दिवसातून जेमतेम तासभर येते. पाणी साठवणे म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागत नाही.

वरच्या एका लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये आलेल्या पारशी लोकांनी आपली नावे तिथे कोरली. पहलवी ही आजच्या फारसीची पूर्वज, आणि फारसीशिवाय आपल्या उर्दूचे पान हलत नाही. मी हे मोठ्या अभिमानाने सांगत होते, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "टीचर, हमको तो आपने बोला दीवार पे नाम नहीं लिखने का!" वर्गासमोर मी एवढी निरुत्तर क्वचितच झाले असेन.

मग आम्ही वर गेलो. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला खाडीचे आणि समुद्राचे पाणी चमकते. तिथे बसून मी त्यांना सोपाऱ्याची गोष्ट सांगितली. कान्हेरीला दान देणारे व्यापारी ज्या बंदरांवर श्रीमंत झाले, त्याच बंदरांवर पुढे अरब व्यापारी उतरू लागले. अरबी लिहिणाऱ्यांनी सोपाऱ्याला सुबारा म्हटले, ठाण्याला ताना, चौलला सैमूर. मसूदी दहाव्या शतकात सैमूरला येऊन गेला आणि तिथल्या मुसलमान वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवले. त्याआधी 851 मध्ये लिहिल्या गेलेल्या एका अरबी ग्रंथात 'बल्हरा' राजा अरबांवर फार माया करतो, अशी नोंद आहे. बल्हरा म्हणजे राष्ट्रकूट राजा. त्या वर्षी गादीवर अमोघवर्ष होता. आणि कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेल्या लेखांत त्याच अमोघवर्षाचे नाव आहे.

जरा थांबून विचार करा. एकाच राजाच्या राज्यात डोंगरावर भिक्षू पोथ्या वाचत होते आणि खाली बंदरावर आमच्यासारख्यांचे पूर्वज माल उतरवत होते. मी स्वतः कोकणातली. आमच्या घराण्यात कोण कुठून आले याच्या दहा कहाण्या आहेत, त्यातली खरी कोणती ते अल्लाहला ठाऊक. पण हा किनारा आम्हाला हजार वर्षांपासून ओळखतो, याला कहाणीची गरज नाही.

तेच वाक्य, दुसऱ्या तोंडून

उतरताना पायऱ्यांवर एक कुटुंब भेटले. आमच्या मुली रांगेत, गणवेशात, पांढऱ्या स्कार्फमध्ये. त्यातले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, फार हळू नाही, "यांना कशाला आणतात इथे? यांचं काय आहे इथे?"

आम्हाला मराठी कळत नसेल, असा त्यांचा समज असावा. रांगेतल्या ज्या मुलीला मराठीच्या चाचणीत वीसपैकी अठरा मिळाले होते, तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. काही बोलली नाही. बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "टीचर, आपलं काय आहे तिथे?"

टॅक्सी चालवणारे वडील आणि पायऱ्यांवरचे ते गृहस्थ एकमेकांना कधी भेटणार नाहीत. भेटले तर त्यांचे बहुधा जमणार नाही. पण दोघांचे वाक्य एकच होते. एकाने भीतीपोटी म्हटले, दुसऱ्याने तिरस्कारापोटी, आणि दोन्हीचा परिणाम सारखा: मुलाने घरी बसावे.

त्या मुलीला मी बसमध्ये जे सांगितले, तेच इथे लिहिते. तुझ्या घरात शिरलेले पाणी त्या जंगलातून आले होते. ते जंगल राहिले नाही, तर पुढच्या वेळी आणखी वेगाने येईल, कारण पाऊस अडवणारी माती आणि झाडे नसतील. विहार आणि तुळशी हे उद्यानातले दोन्ही तलाव आजही मुंबईला पाणी देतात. तुझ्या हंड्यात त्यातले थेंब असतील. लेण्यातली भाषा तुझ्या मराठीची पूर्वज आहे, कारण ते लेख प्राकृतात आहेत. आणि वरची पहलवी तुझ्या उर्दूच्या नात्यातली आहे. एवढे सगळे ज्याचे आहे, त्याने कोणाला विचारून यायचे?

थोडे आपल्यासाठी, थोडे इतरांसाठी

आपल्या लोकांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, आपल्या सहली म्हणजे एक दर्गा, एक चौपाटी आणि आता एक मॉल. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. पण ज्या ठिकाणी आपण कधी जात नाही, तिथे आपण नव्हतोच असे म्हणणे इतरांना सोपे जाते. आपल्या गैरहजेरीचा पुरावा आपणच तयार करतो. दुसरी, 'पर्यावरण' हा श्रीमंतांचा छंद आहे, असे आपल्यात मानले जाते. पूर आला की पाणी कोणाच्या घरात शिरते? उकाड्याने पत्र्याखाली कोण भाजते? जंगलाची गरज सर्वांत जास्त त्यालाच आहे, ज्याच्याकडे दुसरा मजला नाही.

इतर वाचकांनाही एक विनंती आहे. पायऱ्यांवर पांढऱ्या स्कार्फची रांग दिसली, तर प्रश्न पडू द्या, पण चांगला. कोणती शाळा, काय बघितले, काय आवडले, एवढे विचारा. मुले उत्तर देतील, आणि मराठीत देतील. माहितीचे फलक उर्दूत लावा, असे मी म्हणणार नाही. मराठी फलक त्यांना वाचता यावा म्हणूनच मी पगार घेते. फलकासमोर उभे राहिल्यावर त्यांना कोणी ढकलू नये, एवढेच मागणे.

हा प्रश्न फक्त आम्हालाच विचारला जातो, अशीही माझी समजूत त्या दिवशी मोडली. उद्यानात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. वाटेवर बोरे विकणाऱ्या एका आजींकडून मुलांनी बोरे घेतली आणि गप्पा सुरू झाल्या. इथे राहता कशाला, बाहेर का जात नाही, असे येणारे-जाणारे त्यांना विचारतात, असे त्या सांगत होत्या. त्यांचे पूर्वज इथे होते तेव्हा उद्यानही नव्हते आणि बोरिवलीची स्टेशनेही नव्हती. माझी मुले गप्प झाली. शिकवून जे कळले नसते, ते त्यांना मूठभर बोरांसोबत कळले.

शिक्षक मित्रांसाठी अनुभवाचे बोल: सोमवारी उद्यान बंद असते, तो दिवस टाळा. कान्हेरी मुख्य दरवाजापासून बरीच आत आहे, गाडीची सोय आधी करा. निघण्यापूर्वी वर्गात एक तास नकाशा घेऊन बसा आणि आपली वस्ती, नदी, तलाव आणि समुद्र एका रेषेत जोडून दाखवा. मुलींना मागे ठेवू नका. आईशी बोलायला पाच मिनिटे लागतात. आणि मुलांनी कुठलाही प्रश्न विचारला, 'जायज आहे का' हासुद्धा, तरी रागावू नका. मामा व्हा.

परत आल्यावर मी तोच निबंध पुन्हा दिला. यंदा एकवीस वह्यांत मिठी होती. ज्याने तिला नाला म्हटले होते, त्याने लिहिले की मिठी डोंगरात जन्मते तेव्हा स्वच्छ असते, आमच्याकडे येईपर्यंत आम्ही सगळे मिळून तिला नाला करतो. 'सगळे' या शब्दाखाली त्याने रेघ मारली होती. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी एकही गुण कापला नाही.

टॅक्सी चालवणारे ते वडील पुढच्या पालकसभेला आले. मुलगा रोज रात्री लेण्यांच्या गोष्टी सांगून डोके खातो, अशी त्यांनी हसत तक्रार केली. मग विचारले, "टीचर, इतवार को खुला रहता है ना? घरवालों को दिखाना है."

खुला रहता है, मी म्हटले. आणि 2032 च्या पावसाळ्यात नक्की जा, कारवी फुलेल. तेव्हा तुमचा मुलगा वीस-एकवीस वर्षांचा असेल. वाट तोच दाखवील.